तार रांगेची की कड्याची?



मी ऊस विकासाचा माणूस. बेणे, लागण, खत, तोडणी हे माझे काम. मग यंत्राच्या तारांवर मी का लिहावे? कारण गव्हाण थांबली की पहिला फोन मलाच येतो, "साहेब, ऊस वाळतोय!" तोडलेला ऊस यार्डात पडून राहिला की वजन घटते, उताराही घसरतो. तोटा शेवटी आपलाच.

आता गव्हाणीचा वेग, मिलच्या मोटारी, रसाचे पंप ही सगळी संगणकी नियंत्रणाची कामे झाली आहेत. ही उपकरणे जोडण्याच्या दोन रीती. पहिली रांगेची : एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तार कमी, खर्च कमी. पण गत आपल्या पाटासारखी. वर पाट फुटला की टेलचा शेतकरी कोरडा. तशी मधली तार तुटली की पुढची उपकरणे मुकी.

दुसरी रीत कड्याची. शेवटच्या उपकरणातून तार परत पहिल्याकडे आणायची. संदेश गोल-गोल फिरत राहू नयेत म्हणून एक उपकरण राखणदारी करते, एक वाट मिटून ठेवते. तार तुटली की ती वाट उघडते आणि संदेश उलट्या बाजूने पोचतो. एमआरपी पद्धतीत ५० उपकरणांपर्यंत हे २०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात उरकते.

"जादा खर्च कशाला?" असे काही सभासद विचारतात. विचारणे रास्तच आहे. जिथे तासभर खोळंबा चालतो, तिथे रांग पुरे. पण गव्हाणीपासून शेवटच्या मिलपर्यंत कडेच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र परतीची तार त्याच चरातून नेऊ नये. कुदळीच्या एका घावात दोन्ही जातील. शिवाय कडे एकच तूट सोसते. पहिली तुटली तरी गाळप चालू राहते, म्हणून कोणी बघत नाही. दुसरी तुटली की मधली उपकरणे अलग पडतात. तेव्हा पहिल्या तुटीलाच घंटा वाजावी आणि त्याच पाळीत दुरुस्ती व्हावी. अग्निप्रदीपनाआधी एक तार मुद्दाम काढून पाहावी. एवढे केले नाही, तर कडे घालूनही आपण रांगेतच उभे!

— ऊस विकास अधिकारी