कडक भाकरीचं सायन्स

हल्ली मुलांसाठी वीकेंडला 'बेकिंगमधून मॅथ्स-सायन्स' असे क्लासेस असतात. कपकेक, मोजायचे चमचे, छोटासा ॲप्रन. कल्पना चांगलीच आहे, उगाच नावं ठेवत नाही. पण सगळं आधीच मोजून पाकिटात भरून दिलं, तर पोरांनी शिकायचं काय? सूचना पाळायला? ते तर कॉम्प्युटरही करतो!

माझं म्हणाल तर त्यापेक्षा होटगीला जा. सोलापूरजवळचं जंक्शन, इथून विजापूर-गदगची लाईन फुटते. या लाईनीवर महाराष्ट्रात काय नि कर्नाटकात काय, कडक भाकरी होतेच. ज्वारीची, पातळ, पापडासारखी कुडकुडीत. ओव्हन नाही, रेसिपी कार्ड नाही. पण प्रश्न बघा किती निघतात.

पोळी लाटता येते, मग भाकरी थापावी का लागते? गव्हाचं पीठ मळलं की त्यात ग्लुटेनची ताणली जाणारी जाळी तयार होते. ज्वारीत ग्लुटेन नाहीच. म्हणून पिठात उकळतं पाणी घालायचं. साधारण ७० अंशांच्या आसपास ज्वारीतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. एक गोळा गार पाण्यातला, एक उकळत्या पाण्यातला, दोन्ही थापून बघा. झाला प्रयोग!

साधी भाकरी फुगते कशी? एक मिली पाण्याची १०० अंशांना जवळपास १,७०० मिली वाफ होते. पापुद्रा कुठे फाटला की वाफ निसटते आणि भाकरी बसते.

आता गणित. तोच गोळा दुप्पट व्यासाचा थापला तर जाडी किती होईल? बहुतेक जण पटकन म्हणतील, निम्मी. होते पाव! क्षेत्रफळ चौपट झालं ना. पातळ म्हणून पाणी लवकर उडतं, आणि पाणी नाही म्हणून बुरशी नाही. मऊ भाकरी दोन-तीन दिवसांत खराब होते, कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते. भाजण्याआधी आणि नंतर वजन करा, किती पाणी गेलं ते काट्यावरच दिसेल.

केकशी माझं भांडण नाही. केक करतानाही एकदा बेकिंग सोडा मुद्दाम गाळा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आधी अंदाज लिहायचा, मग बघायचं. आपण ऑफिसात डीबगिंग करतो ते दुसरं काय असतं?

आणखी एक. आज्जीनं केलं तर ते घरकाम, आणि फी भरून केलं की सायन्स, असलं काही मुलांच्या डोक्यात भरवू नका. मुलगा असो की मुलगी, परात दोघांपुढे ठेवा. थोडं पीठ वाया जाईल, जाऊ दे. फसलेल्या भाकऱ्या आपण शेंगाचटणी-दह्याबरोबर संपवू. आईबाप म्हणून एवढं तर जमेलच की!