पौंडाखाली बात नाही

बंदुकीची पावडर सहसा पौंडाखाली विकायचीच नाही, हा अमेरिकेतल्या कारखानदारांचा हट्ट निव्वळ आडमुठेपणा आहे. त्याची किंमत त्यांना मोजावी लागत नाही. ती मोजतो कुठल्यातरी गावात आपल्या गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरणारा नवखा माणूस, आणि कधीकधी ती डोळ्याने नाहीतर बोटांनी मोजतो. दुकानदाराला विचारलं तर तो कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना वाहतूक कंपनीकडे, आणि वाहतूक कंपनी कायद्याकडे. कायदा मी काढून वाचला आहे. त्यात असलं काहीही लिहिलेलं नाही.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, हरणाची शिकार करतो आणि तिच्यासाठी लागणारी काडतुसं स्वतः भरतो. मराठी घरांत हे ऐकून कपाळाला आठ्या पडतात, पडू देत. बार उडाला की पावडर जळते, गोळी जाते, पण पितळी नळी शाबूत राहते. ती साफ करायची, साच्यातून काढून पुन्हा मापात आणायची, बुडात पेट देणारी नवी टोपी बसवायची, तोलून पावडर घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. सगळ्याच काडतुसांना हे जमत नाही. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं ते .२२ च्या काडतुसाने, आणि त्या काडतुसात पेट घेणारा मसाला नळीच्या कडेतच भरलेला असतो. कड चेपली, बार झाला, की नळी भंगारात. मी बोलतोय ते बुडाच्या मधोमध वेगळी टोपी असणाऱ्या काडतुसांबद्दल.

माणसं हा उद्योग पैसे वाचवण्यासाठी करतात असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. खरं कारण नेम. प्रत्येक रायफलचा स्वभाव वेगळा असतो. एकीला जी पावडर मानवते ती त्याच कारखान्यातून त्याच आठवड्यात निघालेल्या दुसरीला मानवत नाही. म्हणून एका पावडरचे थोडे बार करून बघायचे, मग दुसरीचे, मग तिसरीचे. कमी मापापासून सुरुवात करायची, काडतुसं भरण्याच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या आत राहून पायरीपायरीने वर जायचं, आणि प्रत्येक पायरीला कागदावर भोकं किती जवळ पडली ते मोजायचं. जबाबदार माणूस असंच करतो. हरणाच्या काळजात न बसता पोटात बसलेली गोळी काय करते हे ज्याने एकदा पाहिलं आहे, त्याला हा खटाटोप का करायचा ते सांगावं लागत नाही.

आता हिशेब करा. पावडर ग्रेनमध्ये तोलतात आणि एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ७००० ग्रेन असतात. अमेरिकन सैन्याने १९०६ साली घेतलेलं .३०-०६ हे काडतूस आजही इथल्या शिकाऱ्यांच्या हातात आहे. त्याला साधारण ५० ग्रेन पावडर लागते, म्हणजे एका पौंडात १४० काडतुसं. वर्षाकाठी वीसपंचवीस बार करणाऱ्या शिकाऱ्याला तो एक डबा पाच ते सात वर्षं पुरतो. आणि नुसती परीक्षा घ्यायची असेल तर पाव पौंड, म्हणजे १७५० ग्रेन, पुरेसे आहेत. त्यात ३५ काडतुसं होतात. पावडर रायफलला मानवते की नाही, हे ३५ बारांत कळतं. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाला तर चारपाच ग्रेनच लागतात. तिथे पाव पौंडात साडेतीनशेच्या वर काडतुसं निघतात.

पण पाव पौंड कुणी विकत नाही. दुकानात पौंडाचा डबा, त्याच्यावर चारपाच पौंडांचा, आणि त्याच्यावर आठ पौंडांची बरणी. गेल्या काही वर्षांत पौंडाला साधारण ४० ते ६० डॉलर पडतात. छोट्या गावातल्या दुकानात चार प्रकार ठेवलेले असतात आणि आपल्याला हवा असलेला पाचवा कधीच नसतो. मग बाहेरून मागवायचा. इथे टपालाने ही पावडर पाठवायला बंदी आहे, म्हणून खासगी वाहतूक कंपनी आली, आणि तिच्याबरोबर जोखमीच्या मालाचं वेगळं शुल्क. ते बहुतेक ठिकाणी वजनावर नसतं, खोक्यावर असतं. एक पौंड मागवा नाहीतर चाळीस पौंड मागवा, शुल्क तेवढंच, २० ते ५० डॉलर. तीन पावडरी तीन वेगळ्या विक्रेत्यांकडे मिळत असतील तर ते तीनदा भरा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

या शुल्काचं समर्थन सुरक्षिततेच्या नावाने केलं जातं, आणि इथेच माझं डोकं फिरतं. वजनाशी संबंध नसलेलं शुल्क माणसाला काय शिकवतं? जास्त मागवायला शिकवतं. शुल्क वसूल झालं पाहिजे म्हणून माणूस एकाऐवजी आठ पौंड घेतो, मित्राचेही आठ घेतो, आणि सगळं गॅरेजमध्ये पाणी तापवायच्या बंबाशेजारी मांडून ठेवतो. इथल्या अग्निसुरक्षा संहितेत घरी मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत पावडर ठेवायला मुभा आहे. त्यापुढे ५० पौंडांपर्यंत इंचभर जाडीच्या लाकडी पेटीत ठेवावी लागते. मी पाहिलेल्या घरांपैकी ज्यांच्याकडे २० च्या वर पावडर होती, त्यांतल्या फार थोड्या घरांत ती पेटी होती. कमी पावडर घरात यावी अशी खरोखर इच्छा असेल तर कमी पावडर विका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा कारभार आहे.

कायद्याचंही ऐका. संघराज्याच्या वाहतूक नियमांत बंदुकीच्या बिनधुराच्या पावडरला स्फोटकांच्या वर्गातून काढून ज्वालाग्राही घन पदार्थांच्या वर्गात नेता येतं. अटी सरळ आहेत. एका वाहनात १०० पौंडांपेक्षा जास्त नको, आणि आतला प्रत्येक डबा आठ पौंडांपेक्षा मोठा नको. दुकानातली सगळ्यात मोठी बरणी नेमकी आठ पौंडांची असते, हा योगायोग नाही. नियमाने वरची मर्यादा घातली आणि उद्योगाने ती काठोकाठ वापरली. खालची मर्यादा नियमाने घातलेलीच नाही. पाव पौंडाचा डबा कुठलाही कायदा अडवत नाही. तो अडवला आहे तो फक्त कारखान्यातल्या हिशेबनीसाने.

मग नवखा माणूस काय करतो ते सांगतो. आमच्या भागातल्या एका नेमबाजी क्लबात वर्षातून एकदा जुन्या सामानाची विक्री असते. जुने साचे, तराजू, पिशव्या भरभरून वापरलेल्या पितळी नळ्या. एका टेबलावर शेंगदाण्याच्या लोण्याच्या रिकाम्या बरण्या मांडलेल्या होत्या, आत करडे, बारीक कांड्यांसारखे दाणे. एका बरणीला कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनने एवढंच लिहिलं होतं : ४३५०. मी टेबलामागच्या गृहस्थांना विचारलं, कुठली ४३५०? ते म्हणाले, सगळ्या एकच हो.

सगळ्या एक नाहीत. आयएमआर या ब्रँडची ४३५० वेगळी, हॉजडनची एच-४३५० वेगळी आणि ॲक्युरेटची ४३५० आणखी वेगळी. तिन्ही कांडीदार, तिन्ही साधारण एकाच वेगाच्या आसपास जळणाऱ्या, आणि तरीही पुस्तकात तिघींची कोष्टकं स्वतंत्र, मर्यादा स्वतंत्र. एकीचं माप दुसरीला लावायचं नाही, हे प्रत्येक पुस्तक पहिल्याच पानांत बजावतं. याउलट, हॉजडनची एचपी-३८ आणि विंचेस्टरची २३१ ही नावं दोन असली तरी पावडर एकच आहे. म्हणजे नावावरून अंदाज बांधायची इथे सोयच नाही. आणि त्या बरणीत मुळात ४३५० होती कशावरून? काम संपल्यावर मापाच्या भांड्यात उरलेली पावडर चुकीच्या डब्यात परत ओतणं, ही या छंदातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात घातक चूक आहे. पिस्तुलाची झपकन जळणारी पावडर रायफलच्या काडतुसात रायफलच्या मापाने भरली गेली, तर काडतूस बसतं ती चेंबर फाटते. आणि ती फाटते तेव्हा गाल तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

माझ्या शेजारी विशी-बाविशीतला एक मुलगा उभा होता. त्याने पाच डॉलर काढले. मी त्याला म्हटलं, बाबा, घेऊ नकोस. त्याने मला शांतपणे हिशेब सांगितला. पन्नासचा डबा, तीसचं शुल्क, आणि रायफलला मानवली नाही तर ऐंशी डॉलर पाण्यात. त्याला तीस बार करून बघायचे होते, बस्स. त्याच्या हिशेबात एकही चूक नव्हती. त्याने ती बरणी घेतली.

माझा राग त्या मुलावर नाही. टेबलामागच्या गृहस्थांवर आहे, भरपूर आहे. चाळीस वर्षं काडतुसं भरणाऱ्या माणसाला मूळ डब्याबाहेरची पावडर दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते हे कळत नाही, असं मी मानणार नाही. त्यांना ते कळतं. पाच डॉलरसाठी त्यांनी कळून घेतलं नाही. डब्यावर नुसतं नाव नसतं, लॉट क्रमांकही असतो. गेल्या दशकात हॉजडनने आयएमआर ४००७ एसएससी या पावडरचे काही लॉट परत मागवले, कारण ती पावडर वेळेआधीच बिघडू लागली होती. पावडरचा मुख्य घटक असलेलं नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होतंच. ते आवरून धरण्यासाठी त्यात डायफिनाइलअमाइनसारखं स्थिरक घालतात, आणि ते संपलं की पावडरला आंबूस, तिखट वास येतो, तांबूस वाफा निघतात, आणि ती आपोआप पेटू शकते. ज्याच्याकडे मूळ डबा होता त्याने क्रमांक ताडून पाहिला. लोण्याच्या बरणीवर कुठला क्रमांक? शिवाय ती बरणी पारदर्शक, प्रकाश थेट आत. झाकण सैल असेल तर पावडर सुकते, आणि सुकलेली पावडर जास्त जोराने जळते.

तरीही त्या गृहस्थांना दोष देऊन मोकळं होता येणार नाही. ते टेबल कारखान्यांनी मांडलेलं आहे. ज्या मालाची लोकांना थोडक्यात गरज आहे तो तुम्ही थोडक्यात विकला नाहीत, तर तो कुणीतरी ओतून विकणारच. भिंतीचा रंग निवडण्यासाठी रंगवाला छोटी डबी देतो; चुकीच्या रंगाने तर कुणाचा डोळाही जात नाही.

टंचाईच्या काळात हा हट्ट आणखी उघडा पडतो. २०१२ च्या डिसेंबरात कनेटिकटमधल्या शाळेतल्या हत्याकांडानंतर नवे कायदे येणार या भीतीने दुकानं रिकामी झाली. महामारीत पुन्हा झाली. २०२३ च्या अखेरीपासून आणखी एकदा, आणि या वेळचं कारण युद्ध. युक्रेनमध्ये तोफगोळे लागतात, तोफगोळ्यांना नायट्रोसेल्युलोज लागतं, आणि नायट्रोसेल्युलोजला सरकीला चिकटून राहणारा आखूड तंतू लागतो. विदर्भातल्या जिनिंगवाल्यांना तो ठाऊक आहे; युरोपात येणारा त्याचा मोठा हिस्सा चीनमधून येतो. अशा वेळी दुकानात पाटी लागते, माणशी एक डबा. पहिल्या आलेल्याला पाच वर्षं पुरेल एवढी पावडर मिळते आणि त्याच्यामागच्या तिघांना हंगामापुरतीही मिळत नाही. तेवढीच पावडर पावपाव पौंडात भरली असती, तर चौघांचा हंगाम निघाला असता.

कारखान्यांची उत्तरं मला पाठ आहेत. छोट्या डब्याचा खर्च परवडत नाही म्हणतात. मग आयएमआरची ट्रेल बॉस कशी परवडली? ती पावडर हलकी, फुगीर, भोक असलेल्या चकत्यांची. पौंडभर पावडर त्या डब्यात मावत नव्हती, म्हणून नेहमीच्याच आकाराच्या डब्यात नऊ औंस भरून विकली. डबा तोच, झाकण तेच, भरायचं यंत्र तेच, वजन कमी, आणि लोकांनी ती रांगा लावून घेतली. छोटा डबा चुकीच्या हातात पडेल, असंही म्हणतात. संघराज्याचा कायदा आठ पौंडांची बरणी घेणाऱ्याकडेही परवाना मागत नाही. पाव पौंडाने कोणतं नवं संकट येणार आहे? मी एका कंपनीला हे सगळं पत्राने लिहिलं. उत्तर आलं की बाजारात अशी मागणी दिसत नाही.

मागणी दिसत नाही, कारण ती तुमच्या हिशेबाच्या वहीत येतच नाही. ती पाच-पाच डॉलरच्या रोख नोटांत, बिनपावतीची, क्लबांच्या टेबलांवर आणि पार्किंगमधल्या गाड्यांच्या डिकीत पुरी होते. एकदा येऊन बघा.

मी फुकट मागत नाही. पाव पौंडाला पौंडाच्या चाळीस टक्के भाव लावा, मी देईन, माझ्या क्लबातले लोकही देतील. नवा डबाही नको, पौंडाचाच डबा पाव भरा. वर तुमचं शिक्कामोर्तब झाकण, नाव, लॉट क्रमांक आणि इशारा छापा. वाहतुकीचं शुल्क वजनावर आणा. एका पौंडाला एक दर, चाळीस पौंडांना चाळीसचा. जे विक्रेते चार पावडरींचे चार छोटे डबे एका खोक्यात घालून एकाच शुल्कात पाठवतील, त्यांच्याकडून मी आयुष्यभर माल घेईन. आणि क्लबांच्या चालकांनो, कारखाने शुद्धीवर येईपर्यंत निदान तुमच्या दारात एक नियम लावा : मूळ डब्याबाहेरची पावडर टेबलावर दिसली, तर टेबलवाला बाहेर. आमच्या क्लबाच्या पुढच्या बैठकीत हा ठराव मीच मांडणार आहे, आणि विरोधात कोण हात वर करतो ते मला बघायचं आहे.