भिंतीचा चेहरा आणि भिंतीचे पोट

नळदुर्गचा किल्ला पाहून आलेल्या विद्यार्थ्याला पाणीमहाल आठवतो, बोरी नदीवरचा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ सालचा बंधारा आठवतो. तट मात्र कोणी निरखून पाहत नाही. काळ्या बेसाल्टचे दगड एकावर एक बसलेले दिसतात आणि आपल्याला वाटते, भिंत आरपार अशीच असणार. दख्खनच्या किल्ल्यांत सहसा तसे नसते. बाहेर घडीव दगडांचे आवरण, आतल्या अंगाला तसेच दुसरे, आणि मध्ये दगडगोटे, चुना, माती यांची भर. घडीव दगड महाग पडतो, म्हणून तो दर्शनी बाजूला. यात गैर काही नाही. पण चेहऱ्याने पोटाला धरून ठेवले पाहिजे.

न धरल्यास काय होते, ते याच भागाने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, नळदुर्गच्या ईशान्येला किल्लारीजवळ भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर अशी गावेच्या गावे कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या मानाने हा काही फार मोठा भूकंप नव्हे. मग एवढा संहार का?

तिथली घरे दगडमातीची, वर माळवदाचे जड ओझे. दोन-अडीच फूट जाड भिंत दिसायला भक्कम, पण प्रत्यक्षात त्या दोन भिंती होत्या : बाहेरची एक, आतली एक, मध्ये बारीक दगड आणि माती. जमीन हादरताच मधली भर खाली बसू लागली आणि दोन्ही बाजूंना रेटा देऊ लागली. दर्शनी थर बाहेर फुगला, सुटला, पडला. उरलेली अर्धी भिंत एकटी किती वेळ उभी राहणार?

त्यानंतर लोकांनी दगडाचाच धसका घेतला. माझ्या मते हा दगडावर अन्याय आहे. दोष होता जोड नसण्याचा. भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब ‘आरपार दगड’ दर दोन फूट उंचीवर आणि साधारण चार-चार फूट अंतराने बसवला, की दोन्ही थर बांधले जातात. एवढा लांब दगड मिळत नसेल, तर सळई घातलेला काँक्रीटचा तुकडा चालतो. जुन्या भिंतीतही आरपार भोक पाडून तो बसवता येतो. जोडीला दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सगळ्या भिंतींना कवेत घेणारा सलग पट्टा हवा. मराठवाड्याच्या उन्हात जाड भिंतीचा गारवा ज्याने अनुभवला आहे, त्याला पत्र्याच्या खोलीत राहा म्हणून सांगणे सोपे नाही. तेव्हा भिंत टाकून देण्याआधी ती सांधून पाहावी.

आता नव्या इमारतींवर पातळ दगडी फरशा चिकटवण्याची हौस आली आहे. तिथेही प्रश्न तोच. उन्हाने फरशी तापते, रात्री निवते. मागची भिंत तितकी तापत नाही. वर्षानुवर्षे ही ओढाताण चालली, की चिकटवणारा थर सुटू लागतो. उंचावरची फरशी नुसत्या चिकटवण्यावर सोडू नये, तिला मागे धातूची पकड हवी. शाळेच्या इमारतीसाठी तर मी हा आग्रहच धरीन, कारण तिच्याखाली मुले उभी असतात.

शिक्षकांनी हे वर्गात करून दाखवावे. एका फळीवर काड्यापेट्यांच्या दोन रांगा मध्ये फट ठेवून रचाव्यात आणि फटीत कोरडी वाळू भरावी. फळी हलवा, बाहेरची रांग आधी ढासळते. पुन्हा रचताना दर दोन थरांनंतर दोन्ही रांगांवर आडव्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवून त्या पेट्यांना चिकटवा, आणि किती हिसके बसेपर्यंत भिंत टिकते ते मोजा.