डाव्या पायाचा कौल

"ऑटोमॅटिक घेतलीस? छे! त्यात गाडी चालवल्यासारखं वाटतच नाही."

हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, नव्या गाडीचे पेढे खाताना. पेढा तोंडात असतानाच एखादे काका गाडीत डोकावतात, पायाशी दोनच पेडल दिसतात, आणि चेहऱ्यावर समजूतदार हसू येतं. "बरं झालं, आता वहिनींनाही चालवता येईल!" झालं. एका वाक्यात गाडीचाही निकाल लागला आणि वहिनींचाही.

मला या वाक्याची आधी गंमत वाटायची, आता थोडा राग येतो. कारण गिअरच्या गाडीची थोरवी गाणारी मंडळी बहुतेक वेळा हौशी असतात. रविवारी सकाळी ताम्हिणीत जाणारी. घाटाचं वळण आलं, तिसऱ्यावरून दुसरा टाकला, इंजिनाचा आवाज चढला, गाडीने रस्ता पकडला... यात मजा आहेच, कोण नाही म्हणतो? पण गाडी चालवणं म्हणजे फक्त हे नव्हे. सोमवारी सकाळी हिंजवडीच्या वाटेवर किंवा संध्याकाळी अंधेरीच्या सिग्नलला जे चालतं तेही गाडी चालवणंच आहे. आणि त्याचं प्रमाण ताम्हिणीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

मुळात क्लच असतो कशाला, ते बघू. पेट्रोल-डिझेलचं इंजिन एकदा सुरू झालं की त्याला फिरत राहावंच लागतं, एका ठरावीक वेगाखाली गेलं की ते बंद पडतं. चाकांना मात्र थांबावं लागतं. फिरतं इंजिन आणि थांबलेली चाकं यांची फारकत करायची आणि पुन्हा हळूच गाठ मारून द्यायची, हे क्लचचं काम. म्हणजे क्लच ही इंजिनाची अडचण आहे, आणि ती सोडवायला आपण आपला डावा पाय कामाला लावलेला आहे. चालवण्याची जी खरी कामं, रस्ता वाचणं, समोरच्याचा अंदाज घेणं, वेग ठरवणं, त्यांत क्लच कुठेच येत नाही.

मोटारीचा इतिहास पाहिला तर इंजिनाच्या अशा अडचणी माणसाच्या अंगावरून एकेक करून काढल्या गेल्या आहेत. आधी गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागे, आणि ते उलटं फिरलं तर हात मोडायचा. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि ताकदीची ती अट गेली. मग गिअरचे दाते जुळवण्यासाठी दोनदा क्लच मारायची कसरत होती. १९२८ च्या सुमाराला कॅडिलॅकनेच सिंक्रोमेश आणला, ती कसरत संपली. आणि १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स बसवला, तेव्हा तिसरं पेडलच गेलं. म्हणजे ज्याला आपण 'हल्लीचं फॅड' म्हणतो ते ऐंशी वर्षांहून जुनं आहे.

आता सांगा, आज हँडल मारून गाडी सुरू करता येत नाही म्हणून कोणी स्वतःला कमी दर्जाचा ड्रायव्हर समजतो का? दोनदा क्लच मारून गिअर टाकता येत नाही म्हणून कोणी खंत करतो का? मग नेमक्या याच पायरीवर आपला स्वाभिमान का अडलाय?

आणि आपण तर हा वाद एकदा निकालात काढलेला आहे, तोही पुण्यातच! दुचाकीवर. बजाजची चेतक १९७२ साली आली. डाव्या हातात क्लच, त्याच मुठीत गिअर, मूठ पिळून पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. सकाळी स्कूटर तिरकी करून मग किक मारायची, हे तर घराघरातलं दृश्य. मग ऐंशीच्या दशकात किनेटिक होंडा आली, बटण दाबलं की सुरू आणि गिअरच नाहीत. तेव्हाही 'ही बायकांची गाडी' असं म्हणणारे होतेच. पुढे २००१ च्या आसपास अॅक्टिव्हा आली आणि वादच संपला. आज बिनगिअरच्या स्कूटरवरून बँकेत जाणाऱ्या गृहस्थाला कोणी हसत नाही. २००९ साली बजाजने स्कूटर बनवणं बंद करायचं ठरवलं, तेव्हा कितीतरी जण हळवे झाले होते. तीच चेतक २०२० साली परत आली, विजेवर चालणारी आणि अर्थातच बिनगिअरची! डाव्या हाताची सुटका आपण इतक्या सहज मान्य केली की ती झाल्याचं कळलंही नाही. डाव्या पायाने असं काय पाप केलंय?

तर आता मूळ मुद्द्याकडे येतो. या देशात सगळ्यात जास्त क्लच दाबतो कोण? रविवारी ताम्हिणीत जाणारे नव्हेत. टॅक्सीवाले, कंपन्यांच्या कॅब चालवणारे, टेंपोवाले, एसटीचे आणि शहर बसचे ड्रायव्हर. साधा हिशोब करू. कोंडीत मिनिटाला चार-पाच वेळा क्लच दाबला जातो असं धरलं तर तासाला झाले २४० ते ३००. दिवसाचे पाच-सहा तास असे गेले तर बाराशे ते अठराशे वेळा तोच पाय, तोच गुडघा, तेच कमरेचं हाड. आणि बसचा क्लच काही आपल्या छोट्या गाडीसारखा लोण्यासारखा नसतो. वर्षानुवर्षं हे करणाऱ्या माणसाला जाऊन विचारा, "गिअर टाकण्यात कशी मजा असते नाही?" तो काय उत्तर देईल ते इथे लिहिण्यासारखं नसेल.

मला हे पाट्यावरच्या चटणीसारखं वाटतं. पाट्यावर वाटलेल्या चटणीची सर मिक्सरला नाही, अगदी मान्य. पण ही चव वाखाणणारे बहुतेक वेळा ताटावर बसलेले असतात, पाट्यावर नाही. रोज वाटायची सक्ती जिच्यावर होती, तिने मिक्सर घरात आल्यावर पाटा अंगणात नेऊन ठेवला, त्यावर बसून आजोबा पेपर वाचू लागले, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. सणासुदीला हौसेने पाटा धुवून घ्यावा, जरूर घ्यावा. हौस आणि सक्ती यांत फरक आहे एवढंच.

आणि सुटका कोणाची आधी होते, तेही बघण्यासारखं आहे. २०१४ साली मारुतीने सेलेरिओ आणली, तिच्यात एएमटी नावाचा प्रकार होता. गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लच प्लेटही तीच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्राकडे दिलेलं. त्यामुळे ती बरीच स्वस्त पडली आणि ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पण भाड्याने धंदा करणाऱ्याला एएमटीसाठी लागणारे वरचे पैसेसुद्धा जड जातात. म्हणून होतं असं की घरून दहा किलोमीटरवर ऑफिसला जाणाऱ्याच्या गाडीत दोन पेडल असतात आणि दिवसभर त्याच शहरात राबणाऱ्याच्या गाडीत तीन.

हे बदलतंय, पण वेगळ्याच वाटेने. विजेच्या मोटरीला थांबल्या जागेवरून जोर लावता येतो. इंजिनाची ती मूळ अडचणच नसल्यामुळे क्लचही नाही. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) गेली. त्याच तारखेला, त्याच मार्गावर, २०२२ साली 'शिवाई' ही एसटीची विजेची बस सुरू झाली. सगळ्यांनी कौतुक केलं ते धूर नाही, आवाज नाही याचं. माझं लक्ष मात्र ड्रायव्हरच्या डाव्या पायाकडे गेलं. चौऱ्याहत्तर वर्षांनी त्याला बसायला मिळालं होतं.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा, डाव्या पायाने अधू असलेली एखादी मुलगी, यांच्यासाठी तर ऑटोमॅटिक ही चैन नाहीच. गाडी चालवता येणं आणि न येणं यातलाच तो फरक आहे. 'वहिनींनाही चालवता येईल' असं म्हणताना आपण एक चांगली गोष्ट टोमण्यासारखी म्हणत असतो. वहिनींनाही चालवता येईल, आजोबांनाही येईल... मग वाईट काय झालं?

दुसरी बाजूही ऐकायला हवी. ऑटोमॅटिक महाग पडते हे खरं. जुन्या ऑटोमॅटिक पेट्रोल जास्त प्यायच्या हेही खरं होतं, आता तो फरक बराच कमी झाला आहे. पण एक आक्षेप असा आहे की तो मला झटकून टाकता येत नाही. गिअरची गाडी शिकलेल्या माणसाला उतार कळतो.

बोरघाट उतरताना जुने ड्रायव्हर एक नियम सांगतात, ज्या गिअरवर घाट चढशील त्याच गिअरवर उतर. त्यामागे शहाणपण आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना मागे ओढून धरतं, ब्रेकवर भार कमी येतो. सगळा उतार नुसत्या ब्रेकवर काढला तर ब्रेक तापतात, वास येऊ लागतो, आणि शेवटी पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलवर सोडतात आणि घाटात काय होतं ते आपण वर्तमानपत्रात वाचतोच. गंमत म्हणजे आजच्या इंजिनात त्याने डिझेल वाचतही नाही. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला की इंधन आपोआप बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं.

ऑटोमॅटिकमध्ये हे करता येत नाही असं मुळीच नाही. कुठे 'एल' लिहिलेलं असतं, कुठे 'एस', कुठे 'एम' आणि शेजारी अधिक-उण्याची खूण. दांडी तिकडे सरकवली की गाडी खालच्या गिअरमध्ये राहते. विजेच्या गाडीत तर उतारावर मोटरच ओढून धरते आणि त्यातून बॅटरीही थोडी भरते. सोय आहे, पण ती आहे हे सांगतं कोण? 'डी'वर टाकायचं, मग ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, बास, असं सांगून शोरूमवाला किल्ली हातात देतो. आणि माणूस त्या भरवशावर महाबळेश्वरला निघतो.

खरी गोची इथे आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अजून बहुतेक ठिकाणी तीन पेडलची गाडी असते आणि क्लच अर्धा वेळ शेजारी बसलेला मास्तरच सांभाळत असतो. ऑटोमॅटिक मात्र 'त्यात शिकायचं काय?' म्हणून कोणी शिकवत नाही. त्यात शिकायचं बरंच आहे. ब्रेक सोडला की गाडी आपोआप पुढे सरकते, हे. डावा पाय सवयीने क्लच शोधतो आणि ब्रेकवर जोरात पडतो, म्हणून तो बाजूला ठेवून दोन्ही पेडलना उजवाच पाय वापरायचा, हे. उतारावर उभी करताना हँडब्रेक का ओढायचा, हे. आणि घाटात खालचा गिअर कसा धरायचा, हे तर सगळ्यात आधी.

ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळतो. जपानमध्येही १९९१ पासून असा वेगळा परवाना आहे. या पद्धतीत ऑटोमॅटिक शिकणाऱ्याला कमी लेखलेलं नाही, 'हेही एक शिकायचं वाहन आहे' असं त्यात मान्य केलेलं आहे. आपल्याकडे आपण एकतर तिला हसतो किंवा तिच्यावर आंधळा भरवसा टाकतो. मधलं काही नाही!

असो. माझं म्हणणं थोडक्यात असं. पाय सुटावा, डोकं सुटू नये. गिअरची दांडी गेली तरी गिअर कशासाठी असतात ते कळलेलं असावं. ज्यांना हौस आहे त्यांनी तीन पेडलची गाडी जरूर ठेवावी, पावसाळ्यात घाटात न्यावी, कोणी अडवलं नाही. पण शहरात रोज गाडी हाकणाऱ्याच्या गाडीत दोनच पेडल असायला हवीत, आणि हे आपल्या हातात थोडंफार आहे. ऑफिसात कॅबची कंत्राटं देणारे आपल्यातच कोणी असतात. घरी ड्रायव्हर ठेवणारेही असतात. नवी गाडी घेताना बायकोला रंग विचारतात, मुलाला स्पीकर विचारतात. दिवसाचे आठ तास जो त्या गाडीत बसणार आहे, त्याला एकदा गुडघ्याबद्दलही विचारावं.