कावीळ, पण कोणती?

आमच्या लॅबच्या काउंटरवर पेशंट म्हणतो, "मॅडम, कावीळ उतरली का तेवढं बघा." म्हणजे माळ घालून झालेली असते. काड्यांची ती माळ पहिल्या दिवशी जेमतेम डोक्यातून जाते आणि आठवड्याभरात बेंबीपर्यंत लोंबते. ओल्या काड्या वाळून आक्रसतात, दोऱ्याचे फास सैल पडतात, माळ लांबते. मी एक माळ घरी खिळ्याला टांगून पाहिली होती. आठ दिवसांत खिळ्याचीही कावीळ उतरली.

माळवाल्यावर माझा राग नाही. त्याच्याकडे येणारे बहुतेक जण बरे होतातच, कारण हिपॅटायटिस ए आणि ई हे दोन्ही बहुधा आपोआप बरे होणारे आजार. यश शरीराचं, नारळ माळवाल्याला. माझी तक्रार 'कावीळ' या शब्दाबद्दल आहे. ए, बी, सी, डी, ई असे पाच वेगळे विषाणू आपण एकाच पिवळ्या पिशवीत कोंबलेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही पुष्कळदा बिलिरुबिन आणि एसजीपीटी एवढंच असतं. ट्यूब मशीनमध्ये फिरवून काढली की वर हळदीच्या पाण्यासारखं सीरम तरंगतं. ते किती पिवळं, हे बिलिरुबिन सांगतं. कुठल्या विषाणूनं पिवळं केलं, हे सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते, तिला पैसे पडतात, आणि पेशंट म्हणतो, "राहू दे, उसाचा रस चालू आहे."

अक्षर कळलं की कुठे शोधायचं ते कळतं. ए किंवा ई आला, तर नळाकडे बघा. आमच्या गावात एक दिवसाआड पाणी येतं. मधल्या वेळात पाइप रिकामा असतो, शेजारून गटार वाहतं, आणि फुटक्या जोडातून ती घाण आत ओढली जाते. नळ आल्यावरची पहिली गढूळ धार म्हणजे तीच. टीसीएल पावडर टाकून भागत नाही, जोड शोधून बदलावा लागतो. तोवर पाणी खळखळून उकळावं. दिल्लीत 1955-56 साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून हजारो लोकांना कावीळ झाली, ती सगळे 'ए'चीच समजत होते. जपून ठेवलेलं सीरम 1980 च्या सुमारास पुन्हा तपासलं गेलं, तपासणाऱ्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञही होते, तेव्हा कळलं की हा निराळाच विषाणू. पुढे त्याला 'ई' म्हणू लागले. हा फरक पुस्तकी नाही. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला ई झाला तर पाचातली एक दगावू शकते. कावीळ झालेल्या गरोदर बाईला माळवाल्याकडे नेणाऱ्या सासूला मी काउंटरवरच अडवते. भांडण झालं तरी चालेल.

बी आणि सी नळातून येत नाहीत. ते रक्तातून, वापरलेल्या सुईतून, ब्लेडमधून, शरीरसंबंधातून येतात. बी आईकडून बाळाला जन्माच्या वेळीही जातो. डी बीच्याच आधारानं जगतो, बी नसेल तर डीही नाही. एका ताटात जेवून यातलं काही होत नाही. तरी बीवाल्याची ताट-वाटी वेगळी काढणारी घरं मी पाहिलीत आणि तीच घरं दाढीचं ब्लेड एकमेकांचं वापरतात. मुख्य म्हणजे बी आणि सी कित्येकदा डोळे पिवळे करतच नाहीत. लिव्हरमध्ये वीस-तीस वर्षं गप्प बसतात, मग काहींना सिरोसिस नाहीतर कॅन्सर.

मागे रक्तदान शिबिरात एक यंत्रमाग कामगार आला होता, तिशीतला, धडधाकट. रक्तपेढीनं त्याला परत बोलावलं आणि तो खात्री करायला आमच्याकडे आला. चिठ्ठीवर 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' लिहिलेलं. जुने डॉक्टर अजून बीच्या तपासणीला तेच म्हणतात. कार्डवर सीरमचे थेंब टाकले. पहिली रेघ उमटली, मग दुसरी. "ऑस्ट्रेलिया कुठं, मी मिरजेच्या पुढं गेलो न्हाई," तो म्हणाला.

मी विचारलं, बायको? सातवा महिना. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आला. तिच्या कार्डवर एकच रेघ आली, तेव्हा माझाच जीव भांड्यात पडला. तिला बीची लस लगेच सुरू झाली. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस मिळाली, पुढचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. सरकारी दवाखान्यात बाळाची ही लस फुकट असते. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी आणि औषधंही फुकट आहेत. सी तर बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. आमच्या काउंटरवर हे माहीत असलेला पेशंट अजून विरळाच.

त्या कामगाराच्या आईलाही बोलावलं. नको नको म्हणत आली. सुई टोचताना तोंड फिरवलं, मग कार्डकडे एकटक बघत बसली. दोन रेघा.

"आमच्यात कुणाला कावीळ झालीच न्हाई की ओ बाई," ती म्हणाली.