शिलेदारांचे आकाश

२०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, जूनमध्ये इंडिगोने एकदम ५०० विमानांची, आणि येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३०,००० वैमानिक लागतील असे पुढे सरकारच सांगू लागले. तेव्हापासून बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलामुलींच्या घरांत वैमानिकीचा विषय डॉक्टर-इंजिनिअरच्या बरोबरीने निघतो. खर्चाचा आकडा ऐकून बाप गप्प होतो, मग कुणीतरी कॅप्टनच्या पगाराचा आकडा सांगते आणि बोलणे शेताच्या सातबाऱ्यापाशी किंवा फ्लॅटच्या कागदांपाशी येऊन थांबते. हिशेब या घरांनाही येतो. त्यांची वही फक्त फार अलीकडे उघडलेली असते. ती शंभर वर्षे मागे नेली तर दिसते, की निर्णय तेजीत घ्यायचा आणि परवाना मंदीत हाती पडायचा, हा प्रकार या पेशात इतक्या वेळा घडला आहे की त्याला योगायोग म्हणता येत नाही.

हे समजून घ्यायला मराठी वाचकाने परक्या उदाहरणाकडे जायचे कारण नाही. शिवछत्रपतींच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते, हे आपण शाळेत शिकतो. त्या भेदामागचे अर्थकारण मात्र शिकत नाही. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, त्यांच्या दिमतीला पखालजी आणि नालबंद अशी व्यवस्था सांगितली आहे, आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवल्याचेही. पुढे पेशवाईत फौजेचा पसारा वाढला, तशी शिलेदारी वाढली, घोड्यासाठी सावकाराचे दार ठोठावणे आले, आणि घोडा लढाईत पडला तर स्वार वाचूनही त्याचे घर बुडे. राज्याला स्वार स्वस्तात मिळाला. जोखीम उतरली ती स्वाराच्या कुटुंबावर. हिंदुस्थानातल्या वैमानिकीचा इतिहास मी याच फरकाच्या उजेडात वाचतो: प्रत्येक काळात आकाशातला घोडा कुणाच्या पैशाने आला, आणि तो पडला तेव्हा नुकसान कुणी सोसले?

आरंभी हा प्रश्नच नव्हता, कारण उडणारे श्रीमंत होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटांना मिळाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी तेच कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला पस मॉथमधून टपाल घेऊन आले, तेव्हा त्या उद्योगाच्या पदरी वैमानिक होते ते बोटांवर मोजण्याइतके. जुहूची जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जाई म्हणून त्या महिन्यांत सारा संसार पुण्याला हलवावा लागे. हौस, धाडस आणि घरचा पैसा या तिन्हींवर उभा असलेला हा पेशा उदरनिर्वाह म्हणून किती ठिसूळ होता, हे सरला ठकराल यांच्या आयुष्यात दिसते. १९३६ साली, एकविसाव्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ उडवणाऱ्या या बाईंना व्यावसायिक परवाना हवा होता. १९३९ मध्ये वैमानिक असलेले पती अपघातात गेले, महायुद्धाने नागरी प्रशिक्षण थांबले, आणि त्या लाहोरला परतून चित्रकला शिकल्या.

युद्ध संपले आणि पहिली तेजी आली. अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली डकोटा विमाने मातीमोलाने विकली गेली, भांडवलदारांनी एकामागून एक विमान कंपन्या काढल्या, आणि हवाई दलातून मोकळे झालेले तरुण त्यांना आयते मिळाले. म्हणजे शिक्षण सरकारी पागेत झालेले, चाकरी खासगी. या काळातले एक काम आठवणीत ठेवण्यासारखे आहे. १९४९ च्या जानेवारीपासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांची विमाने रोज रात्री टपाल घेऊन नागपूरला उतरत, मध्यरात्री सोनेगावच्या धावपट्टीजवळ थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेच्या आत ती आपापल्या शहरांकडे परत फिरत. आजच्यासारखी उपकरणे नसताना, पावसाळ्यासकट वर्षभर, रात्रीमागून रात्री उडणारे हे वैमानिक ज्या कंपन्यांसाठी उडत होते त्यांचे पाय मात्र तेव्हाच लटपटत होते. वाहतूक थोडी, कंपन्या फार. १९५० साली न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हेच नोंदवले आणि कंपन्यांनी आपणहून एकत्र यावे असे सुचवले. त्यांनी ऐकले नाही; १ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण झाले. परवाने वाटताना वाहतूक मोजावी, हा त्या अहवालाचा साधा धडा पुढे चाळीस वर्षे कुणी काढूनही पाहिला नाही.

महामंडळांचा काळ हा पागेचा काळ. दार अरुंद, आत गेल्यावर छप्पर पक्के. १९८५ च्या नोव्हेंबरात कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कलकत्ता-सिल्चर मार्गावर फॉकर फ्रेंडशिप नेले, आणि केवळ स्त्रियांनी चालवलेले उड्डाण भारतात प्रथमच झाले, तेही सरकारी कंपनीत. त्याच सुमारास रायबरेलीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधींच्या नावाची उड्डाण अकादमी सरकारने उभारली. पण त्या छपराखालीही माणसे कमी होत होती. जून १९४८ मध्ये 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाले तेव्हाच्या कॉन्स्टेलेशन विमानात दोन वैमानिकांखेरीज नॅव्हिगेटर, रेडिओ ऑफिसर आणि फ्लाइट इंजिनिअर यांना जागा होती. पुढच्या चार दशकांत ते तिन्ही पेशे यंत्रांनी गिळले. उरलेल्या दोनांपैकी एकाला लांबच्या उड्डाणात विश्रांतीला पाठवून एकट्याने विमान चालवावे, या कल्पनेत तेवढीच सुरक्षितता सिद्ध होत नाही असे युरोपच्या नियामकांनी २०२५ साली म्हटले. ही वेळ टळली. विचार मात्र मेलेला नाही, आणि आज अठरा वर्षांचा असलेला मुलगा पासष्टीपर्यंत, म्हणजे २०७० च्या पुढेपर्यंत, उडणार आहे.

१९९० नंतर आकाश खुले झाले आणि १९४६ पुन्हा घडले. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी अशी नावे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकली. १९९७ संपेपर्यंत त्यांतले बहुतेक जमिनीवर आले होते. जेट आणि सहारा तेवढ्या टिकल्या, आणि लोकांनी टिकलेल्यांकडे पाहून अंदाज बांधले.

खरी शिलेदारी सुरू झाली ती २००३ नंतर. एअर डेक्कनने स्वस्त तिकीट आणले, २००५-०६ मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो आल्या, परदेशी कॅप्टन भरमसाट पगारावर बोलावले गेले, आणि 'पायलट मिळत नाहीत' ही ओळ मध्यमवर्गाने जाहिरातीसारखी वाचली. मुले अमेरिकेत, फिलिपिन्समध्ये, न्यूझीलंडमध्ये शिकायला गेली, गोंदियाच्या बिरसी विमानतळावर नवी प्रशिक्षण संस्था आली. लायसन्स हातात पडायला दीड-दोन वर्षे लागतात. तेवढ्यात २००८ ची मंदी आली, कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या, आणि २०० तासांचे लॉगबुक घेऊन हजारो तरुण घरी बसले.

त्या बसण्याचा खर्च बाहेरच्यांना दिसत नाही. अभियांत्रिकीची पदवी कपाटात ठेवली तर ती काही मागत नाही. वैमानिकाचे लायसन्स मात्र घोड्यासारखे दररोज चारा खाते. चाळिशीच्या आत दर वर्षी क्लास वन मेडिकल, दर वर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणी, हात चालू राहावा म्हणून तासाच्या भावाने विकत घेतलेले उड्डाण. आणि हे सारे बँकेचा हप्ता चालू असताना. नोकरी लागेल या आशेवर एअरबस ३२० चे टाइप रेटिंग आणखी लाखो रुपये घालून आधीच करून ठेवलेले, आणि कंपन्यांनी दुसऱ्याच विमानासाठी भरती काढली म्हणून ते वाया गेलेले, असेही पुष्कळ होते. कॉल सेंटरमध्ये, विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर त्यांनी ती वर्षे काढली. दबाव कुठवर गेला होता ते २०११ साली कळले, जेव्हा बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची आणि न उडलेले तास लॉगबुकात भरल्याची प्रकरणे बाहेर आली. पुढच्याच वर्षी किंगफिशर बंद पडली, कितीतरी महिन्यांचे पगार थकवून.

अमेरिकेला हा अनुभव आपल्याआधी आला होता. १९७८ मध्ये तिथे नियंत्रण उठले, १९८३ मध्ये कॉन्टिनेंटलने दिवाळखोरीचा आसरा घेऊन कामगार करार मोडले, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन कंपनीचे विमान पडून ५० माणसे गेली, तेव्हा छोट्या मार्गांवरच्या को-पायलटचा तुटपुंजा पगार आणि थकवा देशापुढे आला. त्याच महिन्यात, हडसन नदीत विमान उतरवून सर्वांना वाचवणाऱ्या कॅप्टन सलनबर्गर यांनी अमेरिकी संसदेला सांगितले, की त्यांचा पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आहे आणि आपल्या मुलांनी या पेशात यावे असे वाटणारा एकही वैमानिक त्यांच्या ओळखीत नाही. त्यानंतर तिथे १५०० तासांची अट आली, आणि विमानविद्येची मान्यताप्राप्त पदवी असेल तर ती १००० वर येते. म्हणजे तिथे त्या पदवीला मोजता येईल अशी किंमत आहे. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी बारावी पुरते; बी.एस्सी. एव्हिएशनने तासांची अट सुटत नाही. मंदीत परवाना आणि ही पदवी एकदमच निरुपयोगी होतात, हे लक्षात घेतले तर मी मुलांना गणित, संगणक, वाणिज्य असे काहीही शिकायला सांगेन, जे विमानांशी बांधलेले नाही.

१७ एप्रिल २०१९ रोजी जेटने शेवटचे उड्डाण केले. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट, म्हणजे पूर्वीची गोएअर, थांबली, आणि अवघ्या काही आठवड्यांत इंडिगोची ती ५०० विमानांची मागणी आली. त्या वर्षी देशात १,६०० हून अधिक व्यावसायिक परवाने दिले गेले, तोवरचा उच्चांक. एकीकडे बेकार झालेले अनुभवी वैमानिक आणि दुसरीकडे नव्या भरतीच्या घोषणा, असे ते दिवस होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागपूर विमानतळावर पुण्याचे विमान न्यायला निघालेला कॅप्टन बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि गेला. आदल्या दिवशी त्याने पहाटेच्या अंधारात तिरुवनंतपुरम-पुणे-नागपूर असे उड्डाण केले होते. नियमाने सांगितलेली विश्रांती त्याला मिळालेली होती. त्याच्या मृत्यूचे कारण मी थकव्यावर टाकत नाही, कारण तसे सिद्ध झालेले नाही. पण नियम पुरेसे आहेत का, हा प्रश्न तिथून जोरात उठला. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणणारे नियम २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाले, पुढे ढकलले गेले, दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे लागू होताच डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. दोन वर्षांची पूर्वसूचना असताना माणसे नेमली गेली नव्हती. सूट शेवटी मिळाली ती कंपनीलाच.

तेव्हा हा पेशा धरावा का? उडण्याची खरी ओढ असेल तर धरावा. या ओढीला मी कमी लेखत नाही, आणि तीस-पस्तीस वर्षे नीट चाललेली वैमानिकी माणसाला जे देते ते फार थोड्या नोकऱ्या देतात. पण एक रुपया भरण्याआधी क्लास वन मेडिकल करून घ्यावे, कारण डोळ्यांतला किंवा हृदयाच्या आलेखातला एखादा दोष पन्नास लाख भरल्यावर कळणे हा टाळता येणारा अनर्थ आहे. शाळा निवडताना इमारत पाहू नये. उडण्याच्या स्थितीतली विमाने किती, शिक्षक किती आणि मागच्या तुकडीला २०० तास पुरे व्हायला किती महिने लागले, ते त्याच मुलांना विचारावे. लायसन्सनंतर तीन वर्षे नोकरी लागली नाही तरी हप्ता फेडता येत असेल तरच कर्ज काढावे. राहते घर किंवा कसती जमीन गहाण टाकून काढू नये. आणि खरी पागा आजही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आहे, हे विसरू नये. २०२२ पासून प्रबोधिनीचे दार मुलींनाही उघडले आहे, आणि मुलांची तिथवरची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था संभाजीनगरात १९७७ पासून चालू आहे.

अमरावतीला बेलोऱ्याच्या धावपट्टीशेजारी एअर इंडियाची प्रशिक्षण अकादमी उभी राहते आहे. वर्षाला १८० वैमानिक तिथून बाहेर पडावेत अशी योजना आहे, आणि तिच्यात महाराष्ट्र सरकारची विमानतळ विकास कंपनी भागीदार आहे. जागा सरकारची, तर शर्तीही सरकारने घालाव्यात: शिक्षणाचा खर्च कंपनीने करावा आणि तो नोकरी लागल्यावर पगारातून वळता करून घ्यावा, ठरल्या मुदतीत नोकरी दिली नाही तर मुलाकडे काही मागू नये. वैमानिकाने कंपनी सोडायची तर को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस देण्याचे बंधन २०१७ पासून आहेच. त्याच्या बदल्यात कंपनीवर कोणते बंधन, हे पहिली तुकडी दाखल होण्याआधी करारात लिहून घ्यायला अजून वेळ आहे.