दार उघडलं घानाने, आत गेले दुसरेच!

१९६६ सालचा फुटबॉल वर्ल्ड कप इंग्लंडमध्ये झाला. सोळा संघ मैदानात उतरले. त्यात युरोपचे दहा होते, दक्षिण अमेरिकेचे चार होते, मेक्सिको होता आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना इटलीला घरी पाठवणारा उत्तर कोरियाही होता. नव्हता तो फक्त आफ्रिका. अख्ख्या खंडातला एकही संघ नाही! हरले म्हणून नव्हे, तर आम्ही येत नाही असं ठणकावून सांगितलं म्हणून. या बहिष्काराची सर्वांत मोठी झळ ज्या संघाला बसली, तो त्या वेळी आफ्रिकेचा विजेता होता. नाव घाना.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हा देश ब्रिटिशांच्या काळात गोल्ड कोस्ट म्हणून ओळखला जायचा. ६ मार्च १९५७ रोजी तो स्वतंत्र झाला. सहाराच्या दक्षिणेकडच्या ब्रिटिश वसाहतींत स्वातंत्र्याचा पहिला मान त्याचाच. नेते होते क्वामे नक्रुमा. अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीत नेहरू, नासर, टिटो आणि सुकार्नो यांच्या जोडीने ज्यांचं नाव घेतलं जातं, तेच हे नक्रुमा.

नव्या देशाला नवा झेंडा हवा होता. तो थिओडोशिया ओको या चित्रकार बाईंनी तयार केला. लाल, सोनेरी, हिरवा असे तीन पट्टे आणि मधोमध एक काळा तारा. काळ्या ताऱ्याची ही कल्पना जुनी. जमैकात जन्मलेले मार्कस गार्वी यांनी १९१९ साली अमेरिकेत काळ्या लोकांची स्वतःची जहाज कंपनी काढली होती. तिचं नाव ब्लॅक स्टार लाइन. कंपनी बुडाली, पण तारा तरंगत राहिला. तो घानाच्या झेंड्यावर आला आणि तिथून राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या नावात शिरला. संघ झाला ब्लॅक स्टार्स.

नक्रुमा यांना फुटबॉलची ताकद नेमकी कळली होती. काळा माणूस स्वतःचा कारभार स्वतः करू शकतो, हे जगाला पटवायचं तर भाषणांपेक्षा अकरा माणसं आणि एक चेंडू जास्त कामाला येतो, हे त्यांनी ओळखलं. क्रीडा खात्याची सूत्रं त्यांनी ओहेने जान या धडाडीच्या माणसाकडे दिली. प्रत्येक मोठ्या क्लबमधले दोन उत्तम खेळाडू उचलून १९६१ साली रिअल रिपब्लिकन्स नावाचा एक क्लबच उभा करण्यात आला. बाकीचे क्लब चडफडले, पण ऐकतो कोण? १९६२ साली स्पेनचा बलाढ्य रिअल माद्रिद क्लब राजधानी आक्रामध्ये खेळायला आला, तेव्हा ब्लॅक स्टार्सनी त्याला ३-३ असं बरोबरीत रोखलं.

प्रशिक्षक होते सी. के. ग्यामफी. स्वतः जर्मनीत फॉर्चुना ड्युसेलडॉर्फ क्लबकडून खेळून आलेले. १९६३ मध्ये आफ्रिकन नेशन्स कप घानातच भरला. घानाचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. अंतिम सामन्यात त्याने सुदानला ३-० असं हरवलं. दोन वर्षांनी ट्युनिसमध्ये, यजमान ट्युनिशियाला जादा वेळेत ३-२ असं नमवून कप पुन्हा घानाने नेला. मधल्या काळात, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला होता.

या यशाला दुःखाची एक किनारही आहे. बाबा यारा हा उजव्या बगलेवरून वाऱ्यासारखा धावणारा खेळाडू लोकांच्या गळ्यातला ताईत होता. १९६३ साली संघाच्या बसला अपघात झाला आणि त्याचे पाय कायमचे गेले. पहिला कप आला तेव्हा तो मैदानात नव्हता. १९६९ मध्ये तो वारला. कुमासी शहरातलं मोठं स्टेडियम आज त्याच्या नावाने ओळखलं जातं.

असा संघ हाताशी असताना वर्ल्ड कपकडे पाठ फिरवायची म्हणजे काय, याचा आता विचार करा.

भांडण जागांचं होतं. १६ जागांच्या त्या वर्ल्ड कपमध्ये आफ्रिका, आशिया आणि ओशनिया मिळून जागा किती? फक्त एक! आफ्रिकेचा विजेता ठरला, तरी त्याने पुन्हा आशियाच्या विजेत्याशी झुंजायचं आणि मगच इंग्लंडचं तिकीट काढायचं. त्यातच भर म्हणून, वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेला फिफाने १९६३ मध्ये पुन्हा आत घेतलं होतं. ओहेने जान स्वतः फिफाच्या कार्यकारिणीत होते. त्यांनी तारेने निषेध कळवला. इथिओपियाचे यिदनेकाचेव तेसेमा त्यांच्या जोडीला उभे राहिले. एका खंडाला किमान एक हक्काची जागा, एवढीच मागणी होती. ती मान्य झाली नाही, तेव्हा १९६४ मध्ये आफ्रिकी महासंघाने आपले सगळे संघ काढून घेतले. फिफाने दंड ठोठावला, तरी कुणी माघार घेतली नाही.

निर्णय पदाधिकाऱ्यांचा होता, वय मात्र खेळाडूंचं सरत होतं. ओसेई कोफी, फ्रँक ओडोई यांच्यासारख्यांच्या पायांत त्या वेळी जादू होती. फुटबॉलपटूचं ऐन उमेदीचं आयुष्य असतं जेमतेम आठ-दहा वर्षांचं. तत्त्वासाठी नेत्याला दहा वर्षं थांबता येतं, खेळाडूला येत नाही.

बहिष्काराला फळ मात्र आलं. १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून आफ्रिकेला स्वतःची एक जागा मिळाली. तिच्यावर जाऊन बसला कोण? मोरोक्को! घाना पात्रता फेरीतच बाहेर पडला होता. दार ज्याने धडका देऊन उघडलं, तो उंबऱ्याबाहेरच राहिला.

तिकडे १९६६ च्या फेब्रुवारीत लष्कराने नक्रुमा यांची सत्ता उलथवली होती. रिअल रिपब्लिकन्स क्लबही गेला. तरी खेळातली धग एकदम विझली नाही. १९६८ आणि १९७० मध्येही घाना नेशन्स कपच्या अंतिम सामन्यात होता. दोन्ही वेळा १-० अशी हार पदरी पडली. १९७८ मध्ये मायदेशी युगांडाला २-० असं हरवून तिसऱ्यांदा कप जिंकला आणि तो कायमचा घरी ठेवायचा मान मिळवला. १९८२ मध्ये लिबियात चौथा. प्रशिक्षक पुन्हा ग्यामफीच! त्या संघात १७ वर्षांचा एक पोरगा होता. अबेदी आयेव त्याचं नाव. पुढे जग त्याला अबेदी पेले म्हणू लागलं.

अबेदी लागोपाठ तीनदा, १९९१ ते १९९३, आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्सेल क्लबकडून त्याने युरोपचा सर्वोच्च कप जिंकला. पण वर्ल्ड कप? एकदाही नाही! १९९२ मध्ये नेशन्स कपचा अंतिम सामना आला, तर पिवळ्या कार्डांमुळे कर्णधार अबेदीवर बंदी. बाहेर बसून त्याने पाहिलं, की आपला संघ आयव्हरी कोस्टकडून पेनल्टी किक्सवर ११-१० असा हरतोय. अकरा-दहा!

मोठ्यांचं हे असं चाललं असताना पोरं मात्र कमाल करत होती. १७ वर्षांखालचा जागतिक कप घानाने १९९१ आणि १९९५ मध्ये जिंकला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ पदक मिळवलं. ऑलिम्पिक फुटबॉलमधलं ते आफ्रिकेचं पहिलं पदक. २००९ मध्ये २० वर्षांखालच्या संघाने तर दहाच खेळाडूंनिशी ब्राझीलला पेनल्टी किक्सवर हरवून जागतिक कप उचलला. हा पोरांचा खेळ आपल्याकडेही पाहायला मिळाला. २०१७ मध्ये १७ वर्षांखालची जागतिक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा घानाने दिल्लीत भारताला ४-० असं हरवलं आणि नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नायजरला २-० असं नमवलं.

थोरल्या संघाला वर्ल्ड कपचं दार दिसलं ते २००६ मध्ये, जर्मनीत. बहिष्काराला तोवर चाळीस वर्षं उलटली होती. इटलीकडून हरल्यावर घानाने चेक प्रजासत्ताकाला २-० आणि अमेरिकेला २-१ असं हरवलं. आफ्रिकेच्या पाच संघांपैकी दुसऱ्या फेरीत गेलेला तो एकटाच. तिथे ब्राझीलने त्याला रोखलं.

चार वर्षांनी वर्ल्ड कप खुद्द आफ्रिकेत, दक्षिण आफ्रिकेत भरला. ज्या देशाच्या वर्णभेदाविरुद्ध घाना एके काळी उभा राहिला होता, तोच देश आता मुक्त होऊन यजमान झाला होता. याही वेळी आफ्रिकेचा घाना तेवढा पुढे गेला. २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, समोर उरुग्वे. उपांत्य फेरीत आफ्रिकेचा एकही संघ तोवर पोहोचला नव्हता. १-१ अशी बरोबरी, जादा वेळेचा शेवटचा क्षण. डॉमिनिक अडियाने डोक्याने मारलेला चेंडू गोलमध्ये शिरणार, इतक्यात उरुग्वेच्या लुईस सुआरेझने तो चक्क दोन्ही हातांनी अडवला. तो गोलरक्षक नव्हताच! पंचांनी लाल कार्ड दाखवून त्याला बाहेर काढलं आणि घानाला पेनल्टी किक दिली. असामोआ ग्यानने मारलेला चेंडू वरच्या आडव्या दांडीवर आपटून बाहेर गेला...

काही मिनिटांतच पेनल्टी किक्सवर निकाल लावायची वेळ आली. घानाची पहिली किक घ्यायला पुढे आला तो ग्यानच. या वेळी त्याने गोल केला. त्यासाठी काळीज केवढं लागलं असेल! पण जॉन मेन्सा आणि अडिया चुकले. घाना हरला. हाच अडिया आदल्या वर्षी २० वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू होता. आणि अबेदीचा मुलगा आंद्रे? दोन पिवळ्या कार्डांमुळे तो या सामन्यात बाहेर बसला होता. बापासारखाच.

त्यानंतरची कहाणी चढउताराची आहे. २०१४ मध्ये ब्राझीलमध्ये घानाने पुढे विजेत्या ठरलेल्या जर्मनीला २-२ असं रोखलं, पण मानधनाच्या वादावरून खेळाडू अडून बसले. शेवटी सरकारने ३० लाख डॉलरहून अधिक रोख रक्कम विमानाने पाठवली. २०१५ मध्ये नेशन्स कप पुन्हा आयव्हरी कोस्टने पेनल्टी किक्सवर हिरावला. २०२२ मध्ये कतारला पुन्हा उरुग्वे समोर आला. आंद्रेची पेनल्टी किक हुकली आणि घाना ०-२ असा हरून बाहेर पडला. २०२५ च्या नेशन्स कपसाठी तर तो पात्रही ठरला नाही. १९८२ पासून कप हुलकावणीच देत आला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोमोरोसला १-० असं हरवून त्याने २०२६ च्या वर्ल्ड कपमध्ये पाचव्यांदा जागा मिळवली.

या २०२६ च्या स्पर्धेत आफ्रिकेच्या थेट जागा किती ठरल्या? नऊ. १९७० मध्ये एक, १९८२ मध्ये दोन, १९९८ मध्ये पाच आणि आता नऊ. उपांत्य फेरीचा उंबराही आफ्रिकेने ओलांडला. तो मान २०२२ मध्ये मिळाला मोरोक्कोला. पुन्हा मोरोक्कोलाच!

घानाच्या कपाटात आफ्रिकेचे चार कप आहेत. वर्ल्ड कपच्या नोंदींत मात्र १९६३ आणि १९६५ च्या त्या विजेत्यांचं नाव कुठेही सापडत नाही. त्यांनी न खेळलेले सामने हीच त्यांची कामगिरी. ती धावफलकावर दिसत नाही. आफ्रिकेचे संघ एकामागून एक मैदानात येतात, तेव्हा दिसते.